संदीप बेकार झाला म्हणे!

"ऐकलंस का? सुमनवहिनींचा संदीप बेकार झाला."

मी अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांपाशी काठी घेऊन बसले होते. मे महिन्यात अलिबागेत अंगणोअंगणी हेच चाललेलं असतं. एका खाटेवर बोंबील, दुसरीवर सुकट आणि मध्ये कावळ्यांशी वैर पत्करलेली एक बाई. कुंदानं तिच्या बाजूनं वईला टेकून बातमी सोडली. आमच्या दोन घरांमधली ही मेंदीची वई. तिला मधोमध भगदाड आहे आणि ते आम्ही दोघींनीही कधी बुजवलेलं नाही. मुंबईहून येऊन बंगले बांधणाऱ्यांनी पुरुषभर उंचीच्या भिंती घातल्यात. तिकडे शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नावही ठाऊक नसतं, मग नावं ठेवायची कुणाला?

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"त्याच्या होणाऱ्या बायकोनंच. ती जकार्ताची पोरगी, पुत्री. अगं, नावच आहे तसं तिचं. काल वहिनींनी व्हिडिओ कॉल लावला होता. मी विरजण मागायला गेले होते, म्हणून तिथेच होते. वहिनींनी विचारलं, संदीप कुठाय? तर ती हसत म्हणते कशी, संदीप मासी बेकार झा... आणि तेवढ्यात रेंज गेली."

"हसत म्हणाली?"

"तेच तर म्हणते मी! होणारा नवरा बेकार होतोय आणि ही दात काढतेय. शिवाय ही मासी कोण? कुणा मावशीच्या नादानं नोकरी घालवली की काय यानं? मागे ऑफिसातला केकचा फोटो आला होता ना, वहिनी सगळ्यांना दाखवत फिरत होत्या बघ. तो निरोपाचाच केक असणार. बिचाऱ्या वहिनींना कळलंच नाही."

"तू हे कुणाला बोलली नाहीस ना?"

"मी कशाला बोलू? फक्त दूधवाल्याला सांगितलं. आणि पाटलीणबाईंना. त्या विचारायला लागल्या, मग काय करणार?"

म्हणजे अर्ध्या आळीत झालं होतं. कुंदाची बातमी आणि आगोटीचा पाऊस, एकदा सुरू झाले की कोणाचं अंगण सोडत नाहीत.

पडवीतल्या झोपाळ्यावरून आमच्या ह्यांचा आवाज आला, "बकर्जा म्हणाली असेल."

हे अर्धं आयुष्य मालवाहू बोटीवर होते. जकार्ताचं तान्जुंग प्रियोक बंदर त्यांना मांडव्याच्या जेट्टीइतकं पाठ. हमालांशी, टपरीवाल्यांशी बोलून बोलून तिथली बाजारी भाषा त्यांना येते. घरात मराठीत चार वाक्यं बोलत नाहीत तो भाग निराळा.

"मासिह बकर्जा," ते म्हणाले. "मासिह म्हणजे अजून. बकर्जा म्हणजे काम करतोय. संदीप अजून कामावरच आहे, असं म्हणाली ती. बेकार कुठला, ओव्हरटाइम करतोय तो!"

कुंदाचं तोंड बघण्यासारखं झालं. पण ती सहजासहजी हार मानणारी बाई नव्हे. "असं कसं? बे म्हणजे नसलेला. बेकार म्हणजे काम नसलेला. मग बे लावून काम असलेला कसा होईल?"

प्रश्न बरोबर होता. आणि उत्तर द्यायला नेमके बापूकाका आले. बापूकाका आमच्या पलीकडच्या बाजूचे, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात देवांच्या खालोखाल मान मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला. १८३१ सालचा तो कोश, त्याची १८५७ ची सुधारलेली आवृत्ती, तिचं पुनर्मुद्रण त्यांनी पगारातून घेतलेलं. ते वर्तमानपत्र परत द्यायला आले आणि विषय कळल्यावर वईपाशी खुर्ची मागवूनच बसले.

"कुंदाताई, गंमत अशी आहे," काका म्हणाले, "की ह्या दोन्ही शब्दांतलं काम एकाच घरातलं आहे. आपल्या बेकारमधलं कार हे फारसी. आणि संस्कृतात कृ म्हणजे करणे, त्यावरून कार्य. फारसी आणि संस्कृत एकाच कुळातल्या, म्हणून कार आणि कार्य ही भावंडं. तिकडे इंडोनेशियात संस्कृत शब्द फार जुन्या काळी गेले. बोर्निओत कुताईला दगडी खांब सापडलेत, त्यांवर चौथ्या-पाचव्या शतकातलं संस्कृत कोरलेलं आहे. तर ते कार्य तिकडे जाऊन झालं कर्जा."

"म्हणजे काम आपलंच. पुढचं बे मात्र?"

"ते दोन्हीकडे वेगवेगळ्या घरचं. एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आपल्या आळीत पाटील किती आहेत?"

"चार घरं."

"एकमेकांचे कोण?"

"कोणीच नाहीत. एक पोयनाडचे, एक चौलचे, एक पार घाटावरून आलेले, आणि चौथ्यांचं मला कळलेलं नाही अजून." कुंदानं हे जरा खंतावूनच सांगितलं.

"तसंच आहे हे. पाटी सारखी म्हणून घर सारखं नसतं. आपला बे फारसीतला, अर्थ 'वाचून, शिवाय'. इंडोनेशियाच्या भाषेचं कूळच वेगळं, आपल्याशी नातं नाही, फारसीशी नाही. तिथला जो बर् आहे..."

"बर्?" कुंदानं पकडलं. "आत्ता तर बे म्हणत होतात."

मग हे झोपाळ्यावरून उठून वईपाशी आले. हे पाहूनच मला वाटलं, आज पाऊस पडणार. "मूळ बर्. लिहिताना बी-ई-आर लिहितात. बोलताना ते ई ओठांतच राहतं. पुढच्या शब्दाच्या पहिल्याच तुकड्यात 'अर्' असा आवाज आला, की बर् आपला र गिळतो. कर्जामध्ये अर् आहे, म्हणून बर्कर्जा न होता बकर्जा. आणि बर्‌चा अर्थ असणे, बाळगणे, करणे. ज्याला लागेल त्याच्यापाशी ती गोष्ट आहे असं समजायचं."

"म्हणजे बरोबर उलटं?"

"अगदी उलटं. आता बघ, नामा म्हणजे नाव, हे आपलंच नाम. बर्नामा म्हणजे नाव असलेला, अमुक नावाचा. आणि आपल्याकडे?"

"बेनामी!" मी म्हटलं.

"वार्ना म्हणजे वर्ण, रंग. बर्वार्ना म्हणजे रंगीत. आपल्याकडे बेरंग. सुआरा म्हणजे स्वर, आवाज. बर्सुआरा म्हणजे आवाज काढणं, बोलणं. आपल्याकडे बेसूर."

कुंदा थक्क झाली. "म्हणजे तिकडची माणसं रंगीत, नावाजलेली आणि बोलकी, आणि तेच आपल्याकडे बेरंग, बेनामी आणि बेसूर!"

"बेनामी म्हटलंस म्हणून," ती आवाज खाली आणून पुढे म्हणाली, "डोंगराकडची ती मोठी वाडी आहे ना, कुंपण घातलेली, ती म्हणे ड्रायव्हरच्या नावावर आहे."

"तोंडावर लगाम ठेवा," काका म्हणाले. "बेनामी व्यवहाराचा कायदा १९८८ चा, पण २०१६ साली त्याला दात बसवले. सात वर्षांपर्यंत तुरुंग आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. वर मालमत्ता सरकारजमा. उगीच साक्षीला बोलावतील तुम्हाला."

"मी कशाला साक्ष देऊ? मी नुसतं बोलतेय."

काका आता रंगात आले होते. कचेरीत त्यांनी उभी हयात ज्या शब्दांत काढली ते निम्मे फारसीच. "आमच्या दप्तरात ह्या बेचं राज्य. बेवारस म्हणजे वारस नाही. बेदखल म्हणजे ताबा गेला. बेबाक म्हणजे बाकी उरली नाही, कर्ज फिटलं. आणि सगळ्यांत माझा आवडता शब्द बेचिराख."

"त्यात काय आवडायचं? सगळं जळून राख झालं म्हणजे बेचिराख."

"राखेचा त्यात संबंधच नाही. चिराग म्हणजे दिवा. बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. महसुली दप्तरात बेचिराख गाव म्हणजे वस्ती उठलेलं गाव. नकाशात हद्द आहे, गट नंबर आहेत, सातबारे निघतात, पण संध्याकाळी दिवा लावायला माणूस नाही. लोकांनी शेवटची राख ऐकली आणि शब्द जाळून टाकला. आता बाँब पडून शहरं बेचिराख होतात."

मला तो शब्द एकदम वेगळाच दिसायला लागला. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचलेला, आणि त्यात दिवा होता हे ध्यानातच आलं नव्हतं.

"बेगमीचंही तसंच," काकांनी माझ्या बोंबलांकडे बोट केलं. "हे काय चाललंय तुमचं?"

"पावसाळ्याची बेगमी."

"गम म्हणजे दुःख, काळजी. बेगम असणं म्हणजे निश्चिंत असणं. बेगमी म्हणजे निश्चिंती. डब्यात चार महिन्यांचं सुकं भरून ठेवलं की चिंता मिटली, म्हणून साठवणुकीलाच बेगमी म्हणायला लागलो आपण."

"म्हणजे बेगम मुमताजला काळजी नव्हती म्हणून ती बेगम?"

"नव्हे. ती बेगम निराळी. तुर्की भाषेत बेग म्हणजे सरदार, त्याची स्त्री ती बेगम. तिच्यात बे जोडलेला नाही, तो अंगचाच आहे."

झालं. कुंदाला खेळच सापडला. "मग बेसन म्हणजे सण नसताना खायचं? बेळगाव म्हणजे वेळ नसलेलं गाव? बेरीज म्हणजे..."

"थांबा, थांबा," काका हात जोडून म्हणाले. "बेसनातला बे त्याच्या पोटातला. बेळगाव मूळ वेणुग्राम, बांबूंचं गाव. तिथल्या कन्नडात तर शब्दाच्या आधी असं काही चिकटवायची रीतच नाही, जे लटकवायचं ते मागून. तिथे बेकू म्हणजे हवं आणि बेडा म्हणजे नको. म्हणून बे दिसला की लगेच 'नाही' म्हणत सुटायचं नाही. आधी विचारायचं, बाबा रे, तू जोडलेला की अंगचा? जोडलेला असलास तर कुठल्या गावचा?"

"बेदाणा?" मी भीत भीत विचारलं.

"जोडलेला! आपल्याच फारसी बेचा. दाणा म्हणजे बी. बी नसलेलं द्राक्ष वाळवलं की बेदाणा. म्हणून तासगावच्या बेदाण्यात बी सापडली तर दुकानदाराला शब्दशः खोटा म्हणायला हरकत नाही. बी असलेली ती मनुका."

मी आत जाऊन सरबत करून आणलं. कुंदानं वईच्या भगदाडातूनच पेला घेतला. एवढ्यात ती नवीन शंका घेऊन तयार होती. "पण काका, हा बे फारसीचा म्हणता, आणि बेशुद्ध, बेसावध, बेभान हे? शुद्ध, सावध, भान हे तर आपलेच शब्द."

"शंभर टक्के. हीच तर आपल्या भाषेची करामत. फारसीकडून आपण नुसते शब्द घेतले असते तर ते पाहुणे राहिले असते. आपण तिचं हत्यारच उचललं आणि घरच्या शब्दांवर चालवलं. बेचव, बेढब, बेधडक, बेताल. आणि हे काम आपलं आपण केलं, कुण्या बादशहानं फर्मान काढलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, अशुद्ध आणि बेशुद्ध यांत फरक काय?"

"अशुद्ध म्हणजे चुकीचं, मळलेलं. बेशुद्ध म्हणजे चक्कर येऊन पडलेला."

"अ सुद्धा 'नाही' आणि बे सुद्धा 'नाही'. शब्द एकच. पण संस्कृत नाही लागलं तर शुद्धलेखनाची वही तांबडी होते आणि फारसी नाही लागलं तर दवाखान्यात न्यावं लागतं. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. म्हणून हा बे काढून टाकणं सोपं नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे माधव जूलियन. कवी म्हणून आपण ओळखतो ते माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोश काढला, आणि नंतर तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, १९३८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. एवढ्या मोठ्या माणसांनी जोर लावला, पण तुम्ही आज सकाळी संदीपला निरुद्योगी म्हणालात का? बेकारच म्हणालात ना?"

"निरुद्योगी म्हटलं असतं तर दूधवाला थांबला नसता ऐकायला," कुंदा म्हणाली. हे मात्र खरं.

"आणि खुद्द इराणात?" मी विचारलं. "तिथे संदीपला बेकार म्हणतील का?"

"आज तेहरानात बीकार म्हणतात. बे हा जुना उच्चार. तो तिथे बदलला, आपल्याकडे टिकला. उलट आजच्या इराणात नुसतं बे म्हटलं तर अर्थ 'कडे, ला'. बे तेहरान म्हणजे तेहरानला. शिवाय आज्ञा करताना क्रियापदाला बे लावतात, तो तिसराच. तिथला यजमान बेफर्माईद म्हणाला तर फर्माइश नको असं समजून उठू नका. या, बसा, घ्या, असं सगळं त्यात येतं. फर्मान, फर्माइश ज्या क्रियापदावरून आले त्याचंच ते रूप."

"एकाच भाषेत तीन? मग आपल्याला काय दोष द्यायचा!" कुंदाला एकदम बरं वाटलं.

"अजून अरबी राहिली," काका म्हणाले. "अरबीत बि म्हणजे सह, ने, मध्ये. म्हणजे फारसी बेच्या नेमका उलट. बिलकुल म्हणतो आपण. बि, अल, कुल्ल. कुल्ल म्हणजे सगळं, कुलमुखत्यारपत्रातलं कुल ते हेच. बिलकुल म्हणजे सगळ्यासकट, पूर्णपणे. आणि बेलाशक. मूळ बिला शक. बि म्हणजे सह, ला म्हणजे नाही, शक म्हणजे संशय. संशय-नसण्यासह, असं आडवळणानं ते 'निःसंशय' होतं. मराठीनं त्या बिलाचं बेला केलं, कारण कानाला बेची सवय. म्हणजे बेलाशकमध्ये बे दिसतो, अर्थही 'वाचून' असाच निघतो, पण 'वाचून'चं काम करतोय तो ला. बे तिथे नुसता मिरवतोय."

"हे कचेरीतल्यासारखंच झालं," हे म्हणाले. काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात मला रिबेकामावशीची आठवण झाली. इस्रायल आळीतल्या आमच्या मावशी. त्यांचं घराणं बेने इस्रायल, म्हणजे ज्यांना जुनी माणसं शनवार तेली म्हणत, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. मावशी लेकाकडे अश्दोदला गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. फोनवर अजून अस्सल अलिबागी मराठी बोलतात आणि मध्येच एक शब्द टाकतात. "काका, मावशी सारखं बेसेदेर, बेसेदेर म्हणतात, ते काय असतं?"

"मला वाटायचं, तिथे काहीतरी बेसुमार बिघडलंय," कुंदा म्हणाली. "सेदेर नाही, सेदेर नाही, असं बिचारी सांगतेय."

"अहो, उलट! हिब्रू आणि अरबी एकाच कुळातल्या. तिथलाही बे म्हणजे मध्ये, सह. सेदेर म्हणजे क्रम, व्यवस्था. बेसेदेर म्हणजे सगळं व्यवस्थित आहे, ठीक आहे. बेवाकाशा म्हणजे विनंतीसह, आपलं 'कृपया'. त्यांच्या धर्मग्रंथाचा पहिलाच शब्द बेरेशीत, म्हणजे आरंभी. पण बेने इस्रायलमधला बे जोडलेला नव्हे. बेन म्हणजे मुलगा, बेने म्हणजे मुलगे. इस्रायलची लेकरं."

"म्हणजे मावशी ठीक आहेत तर," कुंदा म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा पडला. मावशींच्या हालांची एक बातमी तिनं मागेच गावभर केली होती.

आमचा नातू आतून पाढे घोकत होता, ते ऐकून काकांनी कान टवकारले. "हा आणखी एक. बे एके बे, बे दुणे चार. हा बे म्हणजे दोन. संस्कृत द्विचं प्राकृतात बे झालं. कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराला विचारा, तो आजही दोनला बेच म्हणतो. आपण पाढ्यात आणि बेचाळिसात तेवढा ठेवला."

"बेचाळीस म्हणजे चाळीस नसलेला नव्हे तर!"

"नव्हे, चाळिसावर दोन. आणि बेवडा म्हणजे मुळात दुहेरी, दुपदरी. दोनदा गाळलेली दारू ती बेवडा, मग ती पिणाराही बेवडा. तिकडे लॅटिनातही त्याच दोनाचं बि झालं, म्हणून दोन चाकांची बायसिकल. बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं. ही मात्र लांबची का होईना, खरी भाऊबंदकी. द्वितला द गळून ब उरणं दोन्हीकडे आपापलं झालं."

"आजोबा, बिलेटेड हॅपी बर्थडेमधला बि पण दोन का?" नातवानं आतून विचारलं. मुलं अभ्यास सोडून सगळं ऐकत असतात.

"नाही रे बाळा, तो इंग्रजी बी-ई. मूळ 'बाय', म्हणजे जवळ, भोवती. लेटला तो लावला की उशीर झालेलं. त्या बीचा तर काही भरवसा नाही. फ्रेंडला लावला तर मैत्री होते आणि हेडला लावला तर मुंडकं जातं."

एव्हाना बोंबलांवर ऊन उतरायला लागलं होतं. कुंदा बोटं मोजत म्हणाली, "म्हणजे इराणी बे आला की गेलं. अरबी-हिब्रू आला की सोबत आहे. गुजराती आला की दोन आहेत. इंडोनेशियाचा आला की जवळ आहे. बरोबर? मग तिकडे 'नसलेलं' म्हणायचं असेल तर काय करतात?"

"तान्पा म्हणतात," हे म्हणाले, "पण नवे शब्द घडवताना काय वापरतात माहितीय? निर्. आपला, संस्कृतातला. वायफाय म्हणजे वायरलेस, त्याला शब्द काढलाय निर्काबेल. निर् आणि केबल. ना-नफा संस्थेला निर्लाबा, त्यातला लाबा म्हणजे लाभ. विमानतळावर पाटी वाचली तेव्हा मी एकटाच हसत उभा होतो."

काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "बघा! संस्कृत निर् तिकडे डच केबलला जाऊन चिकटला आणि फारसी बे इकडे संस्कृत शुद्धला. शब्दाच्या तोंडाशी बसलेलं हे अक्षर दोन-अडीच मात्रांचं, पण राज्य त्याचं चालतं. आणि त्याची जात मागच्या शब्दावरून कळत नाही. कुठल्या गावात बोललं गेलं, हे पाहिल्याशिवाय अर्थ लावायचाच नाही."

"ते कळलं मला," कुंदा म्हणाली. "पण ह्यांनी अजून थोडे सांगावेत. वहिनींना सुनेशी बोलायला होतील. घरातले शब्द सांगा, भाऊजी."

कुंदाला उपकार करायची इच्छा झाली की मला काळजी वाटते. पण ह्यांना आज वाचा फुटली होती. "सोपं आहे. पुआसा म्हणजे उपवास, तोच आपला शब्द. बर्पुआसा म्हणजे उपास करणं, रोजा धरणं. डोसा म्हणजे दोष, पाप. बर्डोसा म्हणजे पापी."

"म्हणजे तिथे डोसा खाल्ला म्हणायचं नाही."

"जपून म्हणायचं. सुआमी म्हणजे नवरा, आपला स्वामी. बर्सुआमी म्हणजे नवरा असलेली, लग्न झालेली. इस्त्री म्हणजे बायको, आपली स्त्री..."

"आणि बर् लावला की?"

"बरिस्त्री. बायको असलेला."

कुंदानं सरबताचा पेला वईवर ठेवला. "लिहितात कसं ते? अक्षरं सांगा."

"बी, ई, आर, आय, एस, टी, आर, आय."

"आणि त्याच्या आधी एस, यू, डी, ए, एच असेल तर?"

"सुदाह. म्हणजे झालेलं, आधीच. सुदाह बरिस्त्री म्हणजे लग्न होऊन गेलेला. पण तुला कुठे दिसलं हे?"

"केकवर!" कुंदा जवळजवळ ओरडलीच. "ऑफिसातल्या त्या केकवर, गुलाबी क्रीमनं लिहिलेलं. संदीप मध्ये उभा, ही पुत्री शेजारी, आणि सगळे टाळ्या वाजवतायत. वहिनी म्हणाल्या, संदीप वाद घालण्यात हुशार ना, म्हणून त्याला बॅरिस्टर म्हणत असतील, स्पेलिंग त्यांच्या भाषेतलं असेल. मला वाटलं निरोपाचा केक. अगं, तो फोटो एप्रिलातला! आणि इकडे वहिनींनी डिसेंबरच्या हॉलचा विसार दिलाय, पत्रिकेचा मजकूर पाटलीणबाईंकडून तपासून घेतलाय!"

"कुंदा, थांब," मी म्हटलं. "सकाळीच एक बातमी..."

"सकाळची बेकार गेली, मान्य. पण हा बे कुठल्या गावचा ते मी आत्ता विचारून घेतलंय ना? का हो काका, ह्यात काही शंका?"

बापूकाकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि कारकुनानं कागदावर शेरा मारावा तसे म्हणाले, "बेलाशक नाही."

तोवर कुंदानं पायात चपला सरकवल्या होत्या आणि ती फाटकातून सुमनवहिनींना हाका मारत निघाली होती, "वहिनी, अहो वहिनी, तो केकचा फोटो काढा पाहू पुन्हा!"